लोखंडाची आठवण

स्मरणिकेच्या संपादक मंडळाकडून निरोप आला, "शाळेच्या आठवणी लिहून पाठवा." आठवणी लिहिणारे हात आपल्या तुकडीत पुष्कळ आहेत आणि ते माझ्यापेक्षा चांगले आहेत. माझी सारी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली. सिमेंट, रेती, गिट्टी आणि सळई यांच्याशीच माझे बोलणे जास्त झाले. म्हणून मी आठवणींच्या जागी थोडा इतिहास लिहितो.

त्याला कारणही आहे. मेळाव्याच्या पहिल्याच बैठकीत मागच्या दुमजली इमारतीचा विषय निघाला. आपण आठवी ते दहावी ज्या खोल्यांत बसलो, ती ही इमारत. व्हरांड्यातल्या स्लॅबचे पोपडे पडतात, दोन ठिकाणी सळया उघड्या दिसतात, पावसाळ्यात भिंतीला ओल येते. काही जण म्हणाले, पाडून नवी बांधू. काही जणांना ती पाडण्याची कल्पनाच सोसवेना. निर्णय झाला नाही. मेळाव्याच्या निधीचे काय करायचे हेही त्यामुळे अडून राहिले. दोन्ही बाजूंच्या मित्रांना माझी एकच विनंती आहे. म्हातारे झालेले काँक्रीट माणसांनी आजवर कसे सावरले आणि कुठे त्यांना ते जमले नाही, हे आधी वाचा. मग मत द्या.

काँक्रीट म्हातारे का होते

काँक्रीटवर कितीही दाब द्या, ते सोसते. ओढ मात्र त्याला सोसत नाही. ओढ सोसण्याची त्याची ताकद दाब सोसण्याच्या ताकदीच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकीच असते. स्लॅबवर वजन आले की त्याचा खालचा भाग ताणला जातो आणि तिथे भेग पडते. म्हणून खालच्या बाजूला लोखंडी सळया घालतात. दाब काँक्रीटने घ्यायचा, ओढ सळईने घ्यायची, असा हा दोघांचा संसार आहे.

हा संसार टिकतो तो काँक्रीटच्या अल्कधर्मी स्वभावामुळे. ताज्या काँक्रीटचा सामू १२ ते १३ असतो. त्या वातावरणात सळईवर एक पातळ संरक्षक थर बसतो आणि ती गंजत नाही. या थराचे शत्रू दोन. पहिला हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो वर्षानुवर्षे आत शिरत राहतो आणि काँक्रीटचा अल्कधर्म संपवत जातो. दुसरा मीठ, म्हणजे क्लोराइड. ते अल्कधर्म शाबूत असतानाही सळईवरचा थर फोडते. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा मागतो. ती जागा आत नसते, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो आणि खालचा पोपडा पडतो.

आता आपल्या गावाकडे पाहा. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांच्या शिवेवरचा आपला मुलूख खारपाणपट्ट्यात येतो. दर्यापूर, अकोट, तेल्हारा, बाळापूरकडच्या मंडळींना विहिरीच्या पाण्याची चव सांगायला नको. वान आणि शहानूर धरणांचे पाणी नळाने येऊ लागण्याआधी हेच पाणी प्यायला होते आणि बांधकामालाही होते. आजचे भारतीय मानक, आयएस ४५६, सांगते की सळई असलेल्या काँक्रीटच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नको. सळई नसलेल्या काँक्रीटला २००० मिलिग्रॅमपर्यंत चालते. या दोन आकड्यांतला फरकच सांगतो की मिठाचे वैर खरे तर लोखंडाशी आहे. आमच्या साइटवरचे एक म्हातारे गवंडी कोणतेही मानक न वाचता हेच सांगत: "राजेहो, खारं पानी लोखंडाले खाऊन टाकते."

बैलगाडीची धाव आणि फ्रेसिने

काँक्रीटला भेग पडू द्यायचीच नाही, त्याला आधीपासूनच आवळून ठेवायचे, ही कल्पना आपल्याला परकी नाही. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना आपण सगळ्यांनी पाहिली आहे. लोखंडी धाव तापवून फुगवायची, लाकडी चाकावर बसवायची आणि वर पाणी ओतायचे. थंड होताना ती आकसते आणि चाकाचे सगळे तुकडे एकमेकांवर घट्ट दाबून धरते. मग ते चाक खाचखळग्यांतून गेले तरी सांधे उघडत नाहीत.

हीच गोष्ट काँक्रीटच्या बाबतीत यशस्वी करून दाखवली ती युजीन फ्रेसिने या फ्रेंच अभियंत्याने. १९११ च्या सुमारास त्याने फ्रान्समध्ये ल व्हर्द्र येथे नदीवर काँक्रीटच्या कमानींचा पूल बांधला. पूल सुरू झाल्यावर काही महिन्यांत कमानी मधोमध खचू लागल्या. फ्रेसिनेने मोजके कामगार घेऊन कमानींच्या माथ्यावर जॅक लावले, दोन्ही अर्ध्या कमानी एकमेकींपासून ढकलल्या आणि पूल पुन्हा वर उचलला. काँक्रीट सततच्या दाबाखाली हळूहळू आखडत जाते, हा धडा त्याला तिथे मिळाला. साध्या लोखंडाने काँक्रीट आवळले, तर या आखडण्यात ती सगळी ओढ संपून जाते. त्यासाठी फार उच्च ताकदीचे पोलाद हवे, आणि ते खूप ताणलेले हवे. १९२८ मध्ये त्याने या पद्धतीचे पेटंट घेतले. आज आपण ज्याला प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट म्हणतो ते हेच. ल व्हर्द्रचा पूल नवा होता, तरी त्यावरचा तो उपाय म्हणजे उभ्या काँक्रीटला ताकद परत देण्याचे एक लवकरचे उदाहरण आहे.

कोयना, १९६७

महाराष्ट्रात हा प्रश्न एका रात्रीत उभा राहिला. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरले. भूकंपाची तीव्रता साडेसहाच्या आसपास होती. सुमारे १८० माणसे गेली. आपल्यातले बहुतेक तेव्हा शाळेतही गेले नव्हते, पण घरातल्या मोठ्यांच्या बोलण्यातला 'कोयनेचा भूकंप' सगळ्यांना ठाऊक आहे.

१०३ मीटर उंचीचे, दगड घालून केलेल्या काँक्रीटचे ते धरण उभे राहिले, पण शाबूत राहिले नाही. सांडवा सोडून बाकीच्या उंच भागांवर आडव्या भेगा गेल्या. धरणाच्या मागच्या बाजूचा उतार जिथे एकदम बदलतो त्या पातळीच्या आसपास त्या होत्या. धक्क्याने वरचा भाग मागेपुढे झुलला आणि जिथे आकार अचानक बदलतो तिथे ओढ सर्वांत जास्त आली. काँक्रीटची दुखरी जागा तीच.

धरण पाडता येत नव्हते. मागे शिवाजीसागर भरलेला आणि राज्याची वीज त्यावर अवलंबून. म्हणून आधी भेगांमध्ये इपॉक्सी भरले. मग धरणाच्या माथ्यावरून खोल छिद्रे पाडून त्यांत पोलादी केबल सोडल्या आणि ताणून पक्क्या केल्या, म्हणजे भेगेच्या वरचा भाग खालच्या भागावर दाबून धरला जाईल. चाकावरच्या धावेचेच हे उभे रूप. त्यानंतर पाण्याच्या विरुद्ध बाजूने काँक्रीटची नवी भर घातली. हे काम १९७३ पर्यंत चालले. सांडव्याचा भाग २००६ च्या सुमारास मजबूत केला गेला. प्रशिक्षणार्थी असताना मी ते धरण पाहिले. जुने काँक्रीट कुठे संपते आणि नवे कुठे सुरू होते, हे आमच्या वरिष्ठांनी बोटाने दाखवले. त्या भागात आजही लहानमोठे धक्के बसतात आणि धरण काम करते आहे.

कोयनेच्या लोकांना भेग दिसली, हे त्यांचे नशीब. पुढची गोष्ट न दिसलेल्या दुखण्याची आहे.

मांडवी, १९८६

गोव्यात पणजीजवळ मांडवी नदीवरचा पहिला मोठा पूल १९७० साली वाहतुकीला खुला झाला. तो प्रीस्ट्रेस्ड काँक्रीटचा होता. त्याचा सगळा जोर आतल्या ताणलेल्या तारांवर होता आणि त्या तारा काँक्रीटच्या पोटात बंद होत्या. खाडीची खारी हवा आणि खारे पाणी आत शिरले. तारा गंजत गेल्या. बाहेरून फार काही कळत नव्हते. ५ जुलै १९८६ रोजी पूल कोसळला. वय अवघे सोळा वर्षे.

त्या वेळी मी अमरावतीला नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. बातमी वाचून आमच्या पिढीच्या अभियंत्यांच्या मनात एक गोष्ट कायमची बसली. साधी सळई गंजली तर पोपडे पडून इशारा देते. ताणलेली तार गंजली तर इशाऱ्याला वेळच मिळत नाही. चांगले काँक्रीट आणि चांगले पोलाद वापरले एवढ्याने काम संपत नाही. त्याच्याकडे नियमित पाहणारे कोणी लागते.

मुंबई आणि नवी मुंबई यांना जोडणाऱ्या ठाणे खाडीवरच्या पहिल्या पुलाला हेच दुखणे झाले. तो १९७३ चा. त्याच्याही आतल्या केबल गंजू लागल्या, पण तिथे वेळेत लक्ष गेले. काँक्रीटच्या पोकळ पेटीत, हाताला लागतील आणि डोळ्याला दिसतील अशा नव्या केबल बसवून ताणण्यात आल्या. याला बाह्य प्रीस्ट्रेसिंग म्हणतात. यात तार उघडी असल्याने तिची तपासणी करता येते आणि गरज पडली तर बदलता येते. मात्र त्यासाठी मोठे जॅक लागतात, टोकांना भक्कम आधार लागतात आणि माणसाला वावरायला जागा लागते. पुलाच्या पोटात ती मिळाली. शाळेच्या स्लॅबखाली ती मिळत नाही.

आठवण ठेवणारा धातू

इथून गोष्ट दुसऱ्या दिशेने येते. अमेरिकेत मेरीलँडमधील नौदलाच्या शस्त्रास्त्र प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर क्षेपणास्त्राच्या टोकासाठी धातू शोधत होते. निकेल आणि टायटॅनियमचा एक मिश्रधातू त्यांना आवडला, कारण तो वारंवार वाकवला तरी तुटत नव्हता. १९६१ च्या एका बैठकीत त्याची पट्टी घड्या घालून सर्वांच्या हातून फिरवली जात होती. एका अधिकाऱ्याने पाइप पेटवायच्या लायटरने ती सहज तापवली. घड्या आपोआप उलगडल्या आणि पट्टी सरळ झाली. या धातूला निटिनॉल नाव मिळाले. निकेल, टायटॅनियम आणि त्या प्रयोगशाळेच्या नावाची आद्याक्षरे मिळून ते झाले आहे.

हे घडते कसे? पी.टी.च्या तासाची रांग आठवा. प्रत्येकाची जागा ठरलेली. ढकलाढकलीत सगळे एका बाजूला कलतात, पण शेजारी कोण होता हे कोणी विसरत नाही. सरांची शिट्टी वाजली की सगळे जागेवर. या धातूंतले अणूही तसेच कलतात, शेजार सोडत नाहीत, आणि उष्णतेची शिट्टी वाजली की मूळ रचनेत परततात. दातांच्या तारा, हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवायचे काही स्टेंट आणि वाकूनही सरळ होणाऱ्या चष्म्याच्या काड्या याच कुळातल्या. आपल्या तुकडीत दोघांच्या नातवंडांच्या दातांवर तो आहे, हे मला ठाऊक आहे.

बांधकामात तो आला जुन्या वास्तू वाचवण्यासाठी. २६ सप्टेंबर १९९७ च्या भूकंपात इटलीतील असिसी येथील संत फ्रान्सिस यांच्या बॅसिलिकेची मोठी हानी झाली. दुरुस्ती करताना भिंत आणि छप्पर यांच्या जोडणीत निटिनॉलची साधने बसवली. धक्का आला तर ती ताणली जातात, जोर पचवतात आणि पुन्हा मूळ लांबीवर येतात. १९९९ च्या नोव्हेंबरात बॅसिलिका पुन्हा उघडली. ते काम दगडी होते. अमेरिकेत सिएटल येथे महामार्गाच्या एका नव्या उतारपुलाच्या काँक्रीट खांबांत निटिनॉलच्या सळया घातल्या गेल्या, म्हणजे भूकंपानंतर खांब पुन्हा सरळ उभा राहील. तो २०१७ चा.

निटिनॉल महाग आहे. पुलांना आणि इमारतींना परवडेल असा लोखंडाचा चुलतभाऊ हवा होता. लोखंड, मँगनीज आणि सिलिकॉन यांच्या मिश्रणातही ही आठवण असते, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला जपानी संशोधकांनी दाखवले. २००१ च्या सुमारास अमेरिकेतील मिशिगन राज्यात एका पुलाच्या भेगाळलेल्या काँक्रीट तुळईला या जातीच्या सळया बाहेरून बसवल्या आणि वीज सोडून तापवल्या. भेगांची रुंदी सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पुढे स्वित्झर्लंडमधील एम्पा या संशोधन संस्थेने कमी तापमानाला काम करणारा मिश्रधातू तयार केला आणि तिथे तो आता प्रत्यक्ष दुरुस्तीच्या कामांत वापरला जातो.

पद्धत समजायला सोपी आहे. सळई कारखान्यात थोडी ताणून लांब केलेली असते. स्लॅबच्या किंवा तुळईच्या खालच्या बाजूला खाच पाडून ती बसवतात आणि तिची टोके पक्की करतात. मग वीज सोडून किंवा ज्योतीने तिला सुमारे १६० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. तिला आपली जुनी लांबी आठवते आणि ती आखूड व्हायला बघते. टोके बांधलेली असल्याने आखूड होता येत नाही, म्हणून ती काँक्रीटला आवळते. थंड झाल्यावरही ही ओढ राहते. दर चौरस मिलिमीटरला साधारण ३० ते ४० किलो, म्हणजे १६ मिलिमीटर जाडीच्या एका सळईत सहा ते आठ टन. बैलगाडीची धाव थंड होताना आवळते, ही सळई तापवताना आवळते. जॅक नको, तेलाचा पंप नको, केबलच्या नळ्या नकोत. जिथे जागाच नाही अशा जुन्या स्लॅबला हे सोयीचे आहे.

आपल्या इमारतीला काय लागू पडते

इथे मित्रांनी उत्साहात निष्कर्ष काढू नये. आपल्या दोन जिल्ह्यांत अशा सळईने केलेली दुरुस्ती मी अजून पाहिलेली नाही, आणि आपल्या निधीत ती बसणारही नाही. शिवाय हा धातू गमावलेली ओढ परत देतो, काँक्रीटमध्ये मुरलेले मीठ काढत नाही. कोयनेला जे लागू पडले ते मांडवीला लागू पडले नसते. आधी दुखणे ओळखावे लागते.

आपल्या इमारतीची दुखणी तीन प्रकारची असू शकतात. पहिले काळ्या मातीचे. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचे घर हलवते. अशा भेगा बहुधा भिंतीत तिरक्या असतात आणि ऋतूप्रमाणे कमीजास्त होतात. त्यांचा सळईशी संबंध नाही, उपाय पायाचा आणि पाण्याच्या निचऱ्याचा आहे. दुसरे दुखणे हवेचे. काँक्रीटचा अल्कधर्म किती खोलवर संपला, हे पाहायला ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलिन शिंपडतात. गुलाबी झाले तर तिथे अल्कधर्म शिल्लक आहे, रंग आला नाही तर संपला. आपल्या विज्ञानाच्या सरांनी अनुमापन शिकवताना वापरली तीच ही बाटली. तिसरे मिठाचे, आणि त्यावर फिनॉल्फ्थॅलिन गप्प बसते. त्यासाठी स्लॅबला छिद्र पाडून वेगवेगळ्या खोलीची भुकटी काढायची आणि क्लोराइड तपासायचे. सिल्व्हर नायट्रेट टाकल्यावर पडणारा पांढरा साका बाईंनी फळ्यावर समीकरणासह लिहून दिला होता, तेच तत्त्व.

मीठ फक्त वरच्या थरात असेल, तर सैल काँक्रीट काढून, सळया घासून, जिथे झिजल्या तिथे नव्या जोडून आणि चांगल्या मॉर्टरने झाकून ही इमारत अजून बरीच वर्षे उभी राहील. त्याला खर्च नव्या इमारतीपेक्षा पुष्कळ कमी येतो. पण बांधतानाच खारे पाणी वापरले गेले असेल आणि मीठ स्लॅबभर मुरले असेल, तर आज केलेली दुरुस्ती काही पावसाळ्यांत पुन्हा फुटेल. मग ती इमारत पाडावी, आणि पाडताना कोणी हळवे होऊ नये. तिथे आता दुसऱ्यांची मुले बसतात.

२०२२ साली गांधीग्रामजवळचा पूर्णेवरचा इंग्रजांच्या काळातला पूल तडा गेल्याने बंद करावा लागला. अकोला आणि अकोट यांच्यामधल्या माणसांना किती लांबचा फेरा पडला, हे आपल्यापैकी अनेकांनी भोगले. पूल बंद केला म्हणून माणसे वाचली, हेही तितकेच खरे. शाळेच्या बाबतीत तपासणी होईपर्यंत एवढे तरी आपण लगेच करू शकतो. व्हरांड्याचा तो भाग दोरी बांधून बंद करावा, स्लॅबला टेकू द्यावेत आणि खालून मुलांची ये-जा थांबवावी.

म्हणून माझी सूचना अशी. मेळाव्याच्या निधीतली पहिली रक्कम नव्या इमारतीलाही देऊ नये आणि दुरुस्तीलाही देऊ नये. ती तपासणीला द्यावी. अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेकडून रीतसर अहवाल घ्यावा, तो सर्वांसमोर वाचावा आणि मग हात वर करून ठरवावे. अहवाल येईल त्या दिवशी आपल्या विज्ञानाच्या सरांना आणि बाईंना अगत्याने बोलवावे. फिनॉल्फ्थॅलिनची बाटली मी घेऊन येतो. पहिले थेंब टाकण्याचा मान सरांचा.